दप्तराविना शनिवार आणि त्यानंतरचा सोमवार

प्राथमिक शाळेच्या वर्षभराच्या कामकाजात काही दिवस मुद्दाम वेगळे काढले जातात. त्या दिवशी दप्तर घरी राहते, पाठ्यपुस्तक उघडले जात नाही आणि मुलांनी स्वतःच्या हातांनी काही करून पाहावे अशी अपेक्षा असते. मराठी शाळांमधला बालबाजार किंवा आनंद मेळावा हा त्याचा सर्वांत रुळलेला प्रकार होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी वर्षातले दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवावेत असे सुचवले, तर महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सुरू केला. या साऱ्यांमागचा हेतू चांगला आहे याविषयी वाद नाही. प्रश्न एवढाच की अशा दिवसातून मुलाच्या पदरी नेमके काय पडते.

जॉन ड्यूई या अमेरिकन शिक्षणचिंतकाने १९३८ साली लिहिलेल्या ‘एक्स्पीरियन्स अँड एज्युकेशन’ या पुस्तकात, शिक्षण अनुभवातून घडते हे मान्य करूनही प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही, असा इशारा दिला होता. ज्या अनुभवातून पुढच्या अनुभवाची वाट निघते तोच त्याच्या दृष्टीने शैक्षणिक होता. नुसता रंजक अनुभव सुटा राहतो आणि सुटेपणामुळे विरून जातो. बालबाजारानंतर मुलांकडून लिहून घेतलेल्या निबंधांत ‘आम्हाला खूप मजा आली’ हे वाक्य हटकून शेवटी येते, ते काही खोटे नसते. परंतु मजेपलीकडे सांगण्याजोगे काही घडले होते का, आणि घडले असल्यास ते कोणी विचारले का, हे त्या वाक्यावरून कळत नाही.

बालबाजाराचे उदाहरण थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. अनेक ठिकाणी मेथीच्या जुड्या आई बांधून देते, भाव वडील ठरवतात, भेळ घरीच कालवलेली असते, आणि गिऱ्हाईक म्हणून आलेले पालक कौतुकापोटी मागेल ती किंमत देऊन जातात. मुलाच्या वाट्याला ‘घ्या हो ताजी मेथी’ एवढी आरोळीच उरते. हे नाटक आहे, बाजार नव्हे. याउलट जिथे भाव ठरवण्याचे काम खरोखर मुलावर सोपवलेले असते, तिथे दुपारी मेथी कोमेजते, शेजारचा वर्गमित्र भाव उतरवतो, आपणही उतरवला तर मुद्दल सुटेल का हा हिशेब उभ्या-उभ्या करावा लागतो, आणि चार जुड्या तशाच उरल्या म्हणजे नफा आणि विक्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणी न सांगता उमगते. वस्तू मुलाचे ऐकत नाही, तिचा स्वतःचा स्वभाव असतो, आणि त्या स्वभावाशी गाठ पडणे हाच हातांनी शिकण्याचा गाभा आहे. चूक होऊ शकत नाही अशा रीतीने आखलेला दिवस हा गाभाच काढून टाकतो.

इथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट घडते. अठरा रुपयांच्या वस्तूसाठी कोणी पन्नासची नोट पुढे केली, तर मूल हातचा घेऊन वजाबाकी करत बसत नाही; अठरावर दोन म्हणजे वीस आणि वर तीस म्हणजे पन्नास, असे पुढे मोजत ते बत्तीस रुपये परत देते. दुकानदारही हेच करतो. वहीतल्या रीतीपेक्षा ही रीत वेगळी आहे, पण तितकीच अचूक आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर फळे वगैरे विकणाऱ्या मुलांचा एक छोटा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात विचारलेली सुमारे ९८ टक्के उदाहरणे त्या मुलांनी बरोबर सोडवली होती, आणि त्याच जातीची उदाहरणे नुसत्या आकड्यांच्या रूपात समोर ठेवल्यावर मात्र जेमतेम ३७ टक्के बरोबर आली. मुले पाचच होती, त्यामुळे आकड्यांवर फार भार टाकू नये. तरीही हातांना आलेले ज्ञान आपोआप वहीत उतरत नाही, त्यासाठी कोणीतरी मध्ये पूल बांधावा लागतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

हा पूल कसा बांधावा याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची योजना, पुढे आली. तिच्यासाठी झाकिर हुसेन समितीने आखलेल्या साडेपाच तासांच्या दिनक्रमात मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताईसारख्या मुख्य हस्तोद्योगाला, रोज तीन तास वीस मिनिटे दिलेली होती. त्या योजनेचा प्राण मात्र तासांच्या संख्येत नसून समवायात होता. समवाय म्हणजे हातातल्या कामाशी गणित, भाषा, भूगोल हे विषय जोडून शिकवणे, जेणेकरून तकलीवरचे सूत मोजताना गणित आणि कापूस कुठून आला हे शोधताना भूगोल यावा. हा समवाय साधणे शिक्षकांना अवघड गेले, पुष्कळ ठिकाणी तो ओढूनताणून आणला गेला आणि कताई तेवढी उरली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पुरस्कारलेला कार्यानुभवही पुढे वेळापत्रकातल्या एखाद-दोन तासांपुरता आक्रसला. रोजच्या कामाचा आठवड्यातला एक तास आणि त्या तासाचा वर्षातला एक सोहळा, अशी ही उतरण आहे. विशेष दिवस साजरा करावा लागणे ही बाकीचे दिवस हातांविना जात असल्याची कबुलीही आहे.

शिवाय सर्व मुलांना हा दिवस सारखाच विशेष नसतो. खुरपणी, गुरे राखणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे ही ज्यांची रोजची कामे आहेत, त्या मुलांना हातांनी काम करण्यात नवल वाटत नाही. नवल वाटते ते आपल्याला येणाऱ्या कामाची शाळेत प्रथमच दखल घेतली जाते याचे. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच कुरणात नेली, तेव्हा त्यांनी ही दखल पुऱ्या गांभीर्याने घेतली होती. ज्या घरातून भेळेच्या सामानापुरते भांडवल निघत नाही, तिथल्या मुलाने बाजारात नुसते बघत उभे राहावे, हे मात्र कोणत्याही शाळेला शोभणारे नाही. वर्गाचे सामाईक भांडवल ठेवून हा प्रश्न सहज सुटतो.

राहिला प्रश्न अहवालाचा. छायाचित्रे काढून वर पाठवली की उपक्रम पूर्ण झाल्याची नोंद होते, त्यामुळे शाळेचे सारे बळ त्या एका दिवसावर खर्ची पडते आणि सोमवारी पुस्तक जिथे मिटले होते तिथूनच उघडते. त्याऐवजी सोमवारचा पहिला तास मुलांच्या हिशेबाच्या कागदांसाठी राखून ठेवावा. कोणाचा तोटा झाला आणि का, सुटे पैसे कोणी कसे मोजले, ती रीत आणि हातच्याची वजाबाकी एकाच उत्तरापर्यंत कशा पोहोचतात, हे फळ्यावर मांडावे. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही की नवे परिपत्रक लागत नाही. लागतो तो एक तास, आणि तो देणे कोणत्याही वर्गशिक्षकाच्या हाती आहे.