टेबलमॅटची किंमत कोण ठरवणार?



‘बाजारात प्लॅस्टिकचा टेबलमॅट इतका स्वस्त मिळतो. मग घरी बसून तासन् तास क्रोशाची सुई कशाला चालवायची?’ हा प्रश्न आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत विचारला जातो. बहुधा मुले तो आपल्या आईला किंवा आजीला विचारतात. प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याच्या पोटात दोन मोठे प्रश्न आहेत. हाताने केलेल्या कामात गेलेला वेळ वाया जातो काय? आणि प्रेमाने केलेल्या कामाचा मोबदला मागावा की मागू नये? आज आपण या दोहोंचा विचार करू या.

आपल्याकडे विणकाम नवे नाही. कॉन्व्हेंट शाळांतून सिस्टरांनी शिकवलेले टाके मावश्या-काकूंच्या हातून मुलींपर्यंत आले. टीव्हीवरचा रुमाल, घरच्या अल्तारावरची झालर, बाप्तिस्म्याच्या बाळाची टोपी, जेवणाच्या टेबलावरचे गोल मॅट ही सारी त्याच हातांची देणगी.

अॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने ‘घडवणे’ आणि ‘आचरणे’ यांत फरक केला आहे. घडवण्याचे फळ घडलेल्या वस्तूत असते; आचरणाचे फळ त्या आचरणातच असते. खुर्ची तयार झाली की सुताराचे काम संपते. परंतु कोणावर प्रेम करणे हे ‘पूर्ण करून बाजूला ठेवण्याचे’ काम नव्हे. आता घरी विणलेला टेबलमॅट यांपैकी कशात बसतो? आम्हांला वाटते, तो दोन्हींत बसतो. आई साखळी घालते, खांब मोजते, एक खांब चुकला तर चार ओळी उसवते आणि पुन्हा विणते. त्या तासांत मॅट घडतो हे खरे. पण त्याच वेळी त्या टेबलाभोवती बसणाऱ्या माणसांचा विचारही तिच्या मनात चालू असतो. हा विचार बाजारातून आणता येत नाही. म्हणून तो वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. काही घरांत असे मॅट प्लॅस्टिकखाली झाकलेले किंवा शोकेसमध्ये घडी करून ठेवलेले दिसतात. पाहुणे आले की बाहेर, पाहुणे गेले की आत! टेबलमॅट गरम भांड्याखाली ठेवण्यासाठी असतो. त्यावर रविवारच्या मटणाचा रस्सा सांडला तर त्यात त्याचा अपमान नाही. ज्यांच्यासाठी विणले त्यांनी ते वापरावे, यातच विणणारीचा मान आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. दोन सुयांचे विणकाम यंत्राला फार पूर्वी जमले. इंग्लंडमध्ये १५८९ साली विल्यम ली नावाच्या धर्मोपदेशकाने पायमोजे विणण्याचे यंत्र तयार केले, असे परंपरेने सांगितले जाते. गरीब विणकरांची भाकरी जाईल म्हणून राणी पहिली एलिझाबेथ हिने त्याला एकाधिकार नाकारला, अशीही हकीकत आहे. पुढे यंत्र आलेच, आणि आज आपले बहुतेक स्वेटर यंत्रावरच निघतात. क्रोशाचे तसे झाले नाही. क्रोशात प्रत्येक टाका जवळजवळ तिथल्या तिथे पूर्ण करावा लागतो, सुई प्रत्येक वेळी नव्या जागी घालावी लागते. कारखान्यात निघते ती क्रोशासारखी दिसणारी जाळी. खरा क्रोशा आजही हातानेच होतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. दुकानात खऱ्या क्रोशाचा मॅट फार स्वस्त मिळाला, तर तो यंत्रामुळे स्वस्त झालेला नसतो. कोणाचे तरी तास स्वस्त मोजलेले असतात.

इतिहासात या सुईने अनेकांना जगवले आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा धर्मभगिनींनी आणि इतर सेवाभावी स्त्रियांनी गरीब मुलींना क्रोशाची लेस शिकवली. क्लोन्स या गावात १८४७ च्या सुमारास कॅसँड्रा हँड या एका प्रोटेस्टंट धर्मगुरूंच्या पत्नीने हेच केले. त्या लेसच्या पैशांवर कित्येक कुटुंबांची चूल पेटली.

आपल्या देशात आंध्र प्रदेशातील नरसापूरची क्रोशाची लेस प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या मिशनरी कुटुंबाने तेथील स्त्रियांना ही कला शिकवली. तेथील रुमाल, टेबलक्लॉथ आणि मॅट परदेशी जाऊ लागले. २०२४ मध्ये या लेसला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथील स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली जे पुस्तक लिहिले, त्यात वेगळे चित्र दिसले. या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, तरीही त्यांना ‘कामगार’ म्हणत नसत. त्या ‘गृहिणी’, आणि त्यांचे काम म्हणजे ‘फावल्या वेळचा उद्योग’! नफा व्यापाऱ्यांकडे जाई आणि हाती फार थोडे येई. ‘फावला वेळ’ या दोन शब्दांनी त्यांची मजुरी गिळून टाकली.

हे दूरच्या गावाचे आहे असे समजू नका. समजा, आपल्या एका भगिनीने सहा मॅटचा संच विणला. बारीक सुताच्या एका मॅटला दहा तास धरले तर साठ तास झाले. संचाचे तिला ९०० रुपये मिळाले आणि सुताला ३०० रुपये लागले, तर उरले ६००. म्हणजे तासाला दहा रुपये! तरीही विक्रीच्या टेबलाशी आपण म्हणतो, ‘बाई, एवढ्याशा मॅटचे एवढे पैसे? काहीतरी कमी करा.’

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये आपल्या परिपत्रकात शिकवले की, केवळ मजुराने कबूल केली म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. गरजेपोटी माणूस काहीही कबूल करतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये सांगितले की, कामाचे मोल प्रथम ते काम करणाऱ्या माणसावरून ठरते. संत याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरीच देवाकडे ओरडते असे म्हटले आहे. साठ तासांची ती मजुरी कोणत्या आवाजात ओरडत असेल?

कोणी म्हणेल, ‘पण फादर, ती हे प्रेमाने करते. प्रेमाला पैसे कसे लावायचे?’ येथेच आपली गफलत होते. प्रेमाने देणे हा देणाऱ्याचा अधिकार आहे. घेणाऱ्याने तो गृहीत धरायचा नसतो. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते दया न्यायाला रद्द करीत नाही, तर त्याला पूर्णत्वाला नेते. आधी न्याय, मग त्याच्या वर दान. यापो येथील टबीथा विधवांसाठी कपडे शिवीत असे. ती वारली तेव्हा त्या विधवांनी तेच कपडे पेत्राला रडत दाखवले. टबीथाने स्वखुशीने दिले होते म्हणून ते दान झाले. ‘तू बाई आहेस, घरीच असतेस, मग करून दे’ असे सांगून मिळवलेली वस्तू दान होत नाही. हा नियम कुटुंबाला लागू आहे, सणाच्या विक्रीला लागू आहे आणि चर्चच्या वेदीवरील लेसलाही लागू आहे.

तेव्हा आपण तीन गोष्टी करू या. पुढच्या विक्रीत हाताच्या कामाला घासाघीस करू नये; परवडत नसेल तर कौतुक करून पुढे जावे. विणणाऱ्या भगिनींनीही किंमत सांगताना सुताबरोबर तासही मोजावेत, लाजू नये. आणि घरात कोणी आपल्यासाठी विणले असेल, तर आज जेवायला बसताना त्या मॅटला किती तास लागले हे तिला विचारावे. उत्तर ऐकल्यावर जेवण झाल्यानंतरची भांडी आपणच उचलावीत. तिचे काही तास तरी तिला परत मिळतील.

तुमचे धर्मगुरू