अवयव हाती येण्याआधी

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. दोनच्या ६७व्या घातातून एक वजा केला की ही एकवीस अंकी संख्या मिळते. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ मध्ये अशा संख्यांची यादी छापली आणि तीत हिला मूळ संख्या ठरवले. पुढे २३२ वर्षे तिचे मूळपण कोणी खोडून काढले नाही.

खोडणार तरी कसे? संख्या संयुक्त आहे असे म्हणायचे तर तिचा विभाजक काढून दाखवायचा, ही युक्लिडच्या काळापासूनची सरळ रीत. एकवीस अंकांपुढे ती चालवताना कोणीही हात टेकेल.

वेगळी वाट १६४० मध्येच फर्मा यांनी दाखवली होती. कोणतीही विषम मूळ संख्या घ्या. दोनचा तिच्याहून एकने कमी असलेला घात काढा आणि त्याला त्या संख्येने भागा. बाकी नेहमी एक उरते. आता १५ तपासू. दोनचा चौदावा घात १६,३८४. पंधराने भागल्यावर बाकी ४. म्हणजे १५ मूळ नाही, आणि हे कळायला तीन-पाचाचे नावही घ्यावे लागले नाही! उलट बाजूने मात्र ही कसोटी फसते. ३४१ तीतून सहीसलामत सुटते, प्रत्यक्षात ती ११ गुणिले ३१ आहे.

एदुआर ल्यूका यांनी मेर्सेनच्या संख्यांसाठी याहून पक्की कसोटी घडवली आणि १८७६ मध्ये दाखवून दिले, की ती एकवीस अंकी संख्या संयुक्त आहे. तिचे अवयव त्यांनाही ठाऊक नव्हते. न पाहिलेल्या अवयवांच्या अस्तित्वाबद्दल खात्रीने बोलता येते, ही गणिताची फार मोठी कमाई होती.

अवयव सापडले ते १९०३ मध्ये. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी फळ्यावर आधी दोनचा ६७वा घात काढून एक वजा केला. मग शेजारी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला. उत्तरे जुळली आणि ते अक्षरही न बोलता जागेवर जाऊन बसले, असे एरिक टेंपल बेल यांनी लिहून ठेवले आहे. किती वेळ लागला, या प्रश्नावर कोल यांनी ‘तीन वर्षांचे रविवार’ असे उत्तर दिल्याचेही ते सांगतात.

संख्येची जात ओळखणे आणि तिचे अवयव काढणे, या दोन कामांच्या कष्टांत असे जमीन-अस्मानाचे अंतर आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच अंतरावर आपली गुप्तलेखनाची पद्धत उभारली: दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड करायचा, त्या दोन संख्या लपवायच्या.

२००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी पहिल्या कामाला भक्कम पाया दिला. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही, हे निश्चितपणे ठरवणारी त्यांची रीत अंक वाढले तरी वेळ आटोक्यात ठेवते. अवयव मात्र तीही सांगत नाही.

नेहमीच्या संगणकांसाठी दुसऱ्या कामाची अशी झटपट रीत अजून सापडलेली नाही. ती अशक्य आहे, असेही कोणी सिद्ध केलेले नाही. २०२० मध्ये आव्हान म्हणून दिलेल्या संख्यांपैकी २५० अंकी संख्या फोडली गेली. संगणकाच्या एकाच गाभ्यावर हे काम सोपवले असते, तर सुमारे २,७०० वर्षे लागली असती. त्याच मालिकेतली ६१७ अंकी संख्या संयुक्त आहे हे सर्वांना माहीत आहे. तिचे अवयव अद्याप कोणी जाहीर केलेले नाहीत.