हरूनही उरलेला सुनील

१९९३च्या नोव्हेंबरात ‘बाजीगर’ आला, डिसेंबरात ‘डर’. एकात शाहरुख खान प्रेमाचं नाटक करतो आणि विश्वासानं बिलगलेल्या मुलीला गच्चीवरून ढकलून देतो. दुसऱ्यात तो नकार देणाऱ्या मुलीचं जगणं मुश्कील करतो. दोन्ही चित्रपट जोरात चालले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, कुंदन शाह यांचा ‘कभी हां कभी ना’ प्रदर्शित झाला. इथेही शाहरुखच आणि इथेही एकतर्फी प्रेम. पण इथला सुनील कुणाचा जीव घेत नाही आणि स्वतःचाही देत नाही.

प्रेमात हरलेल्या माणसाचं पुढे काय करायचं, हा हिंदी सिनेमाचा जुना पेच आहे. १९३५चा बरुआंचा असो की १९५५चा बिमल रॉय यांचा, देवदासाला दारूच्या वाटेनं मरणाकडेच जावं लागतं. ‘डर’नं तेच दुःख उलटं फिरवून मुलीवर सोडलं. यापलीकडे तिसरी वाट असू शकते, हे शाह यांनी एका नापास पोराच्या गोष्टीतून दाखवलं आणि म्हणूनच हा चित्रपट आजही इतका जवळचा वाटतो.

सुनील गोव्यातल्या वास्कोचा. त्याचं लक्ष अभ्यासात नाही, ट्रम्पेटमध्ये आहे. मित्रांचा बँड आहे आणि त्याच बँडमधली अ‍ॅना त्याला हवी आहे. अ‍ॅनाचं मन मात्र ख्रिसवर. सुनील खोटं बोलून दोघांत बिब्बा घालतो. ते उघडकीला येतं, मित्र त्याला बँडमधून काढून टाकतात, आणि चित्रपट त्याची बाजू घेत नाही. ही गोष्ट फार मोलाची आहे. खोटं प्रेमापोटी बोललं गेलं म्हणून ते इथे गोड ठरत नाही. लाज वाटायची ती वाटतेच.

घरातही तेच. नापास झालेला मुलगा खोटी गुणपत्रिका घरी आणतो, आईवडील आनंदतात, आणि तो आनंदच त्याला सोसवत नाही. वडिलांच्या भूमिकेत अंजन श्रीवास्तव आहेत, म्हणजे शाह यांच्याच ‘वागले की दुनिया’तले वागले. (त्या मालिकेच्या एका भागात शाहरुखही झळकला होता.) मुलाच्या निकालावर जीव टांगलेलं ते मध्यमवर्गीय घर शाह यांना आतून माहीत होतं. परीक्षा आणि प्रेम हे सुनीलच्या आयुष्यातले दोन वेगळे कप्पे नाहीत. दोन्हीकडे त्याला फुकटचा होकार हवा असतो, आणि दोन्हीकडे खरं बोलल्यावरच तो मोठा होऊ लागतो.

शाह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. छायालेखक वीरेंद्र सैनी आणि फादर ब्रागांझा झालेले नसीरुद्दीन शाहही तिथलेच. बँडमधला इम्रान म्हणजे आशुतोष गोवारीकर, आणि जतिन-ललित यांच्या संगीतात देवकी पंडित यांचाही आवाज आहे. पर्यटकांना दाखवायच्या गोव्याऐवजी इथे शेजार, चर्च आणि हॉटेलात वाजवायला मिळावं म्हणून धडपडणारी पोरं दिसतात. अशा गावात हरलेल्याला तोंड लपवून कुठे जाता येत नाही. ज्यांना फसवलं, त्यांच्यातच त्याला पुन्हा उठबस करावी लागते.

दीपक तिजोरीचा ख्रिस खलनायक नाही, हेही शाह यांचं धाडसच. तो वाईट असता तर सुनीलचं हरणं अन्याय ठरलं असतं आणि प्रेक्षकाला रागावायला एक सोपी जागा मिळाली असती. अ‍ॅनाला ख्रिस आवडतो, एवढंच कारण आहे आणि तेवढं पुरेसं आहे. २०१३च्या ‘रांझणा’त शाळकरी कुंदन मुलीसमोर मनगट कापून घेतो आणि ती विरघळते, त्या दृश्यापुढे सुनील अधिकच प्रगल्भ वाटतो. अर्थात सुचित्रा कृष्णमूर्तीच्या अ‍ॅनाच्या मनात शिरायला पटकथेला आणखी वेळ काढता आला असता. तिची घालमेल आपल्याला बहुतेक वेळा सुनीलच्याच नजरेतून कळते.

१९९४च्या फिल्मफेअर पुरस्कारांत शाहरुखला ‘बाजीगर’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला आणि सुनीलसाठी समीक्षकांचा. शेवटी जुही चावला क्षणभर येते, ती दिलाशाची सोय अनेकांना खटकते. पण तोवर सुनील अ‍ॅनाच्या लग्नाला हजर राहून, हरलेला आणि धडधाकट, चर्चबाहेर पडलेला असतो. नव्या मुलीच्या येण्यानं त्यातलं काहीच पुसलं जात नाही.