सहाचा सामना, आठचा सामना

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांत बास्केटबॉलची संध्याकाळ बहुधा जोडसामन्यांची असते. सहाच्या सुमारास मुलींचा सामना, तो संपला की आठच्या सुमारास मुलांचा. मैदान तेच, बास्केटची उंची तीच, प्रतिस्पर्धी विद्यापीठही तेच. हॅलिफॅक्समध्ये राहताना हे सामने बघते तेव्हा माझं लक्ष वारंवार रेषेबाहेर उभ्या असलेल्या दोन मुख्य प्रशिक्षकांकडे जातं. एक सहाच्या सामन्याचा, दुसरा आठच्या सामन्याचा. या दोघांच्या कामाचं मोल कशावरून ठरवायचं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आपण मुलींच्या खेळाकडे कसं बघतो, हे त्याच्या उत्तरातून कळतं.

आधी काम काय असतं ते बघू. डलहाउसी आणि सेंट मेरीज या हॅलिफॅक्सच्या दोन विद्यापीठांचे संघ एकाच प्रादेशिक साखळीत खेळतात. वुल्फव्हिलचं अकेडिया विद्यापीठ तासाभराच्या वाटेवर आहे, पण केप ब्रेटनमधल्या सिडनीला जायचं तर ऐन हिवाळ्यात चारशे किलोमीटरचा रस्ता आहे. न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला तर विमानानेच जावं लागतं. हे झाले सामने. त्याआधी शाळाशाळांतून फिरून सोळा-सतरा वर्षांच्या मुली हेरायच्या, त्यांच्या आईवडिलांचा विश्वास मिळवायचा. कॅनडात क्रीडा-शिष्यवृत्ती ट्यूशन आणि सक्तीच्या शुल्कापुरतीच देता येते. अमेरिकेतल्या विद्यापीठाने राहण्याजेवणासह सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली, तर इथल्या कोचकडे स्वतःच्या शब्दाखेरीज फारसं काही उरत नाही. मुलगी आली की तिचा गुडघा, तिच्या परीक्षा, घरच्या आठवणीने खचलेलं मन, हे सगळं कोचच्याच वाट्याला येतं. वर देणग्या गोळा करायच्या, उन्हाळ्यात शिबिरं भरवायची. मुलींच्या कोचला यातलं काही कमी करावं लागतं, असं कोणी म्हणणार नाही.

तरीही पगाराची गोष्ट निघाली की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. मुलांच्या सामन्याला गर्दी होते, गर्दीतून पैसा येतो, म्हणून त्या कोचची जबाबदारी मोठी. हा युक्तिवाद न्यायालयाच्या कसोटीला लागला तो अमेरिकेत. मॅरियान स्टॅनली या लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात मुलींच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या. तिथे येण्यापूर्वी त्यांनी ओल्ड डोमिनियन विद्यापीठाला तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली होती. १९९३ मध्ये करार संपला तेव्हा त्यांनी मुलांच्या संघाचे प्रशिक्षक जॉर्ज रेव्हलिंग यांच्याइतका पगार मागितला. बोलणी फिसकटली, नोकरी गेली, त्या न्यायालयात गेल्या. १९९४ मध्ये अपील न्यायालयाने त्यांना तातडीचा दिलासा नाकारला. मुलांच्या संघाला प्रेक्षक जास्त, माध्यमांचं लक्ष जास्त, देणग्या जास्त, त्यामुळे रेव्हलिंग यांच्यावर उत्पन्न मिळवण्याची जबाबदारीही जास्त, असं त्यामागचं कारण होतं. १९९९ च्या निकालात रेव्हलिंग यांच्या अधिक अनुभवावर भर दिला गेला आणि स्टॅनली अखेर हरल्या. रेव्हलिंग खरोखर अनुभवी होते, त्याबद्दल वाद नाही. पण राष्ट्रीय विजेतेपदांपेक्षा तिकीटविक्रीला जास्त वजन देणारा तो पहिला विचार मला आजही अन्यायाचा वाटतो. २०२२ मध्ये स्टॅनली यांना बास्केटबॉलच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. मान मिळाला, पण खटल्याचा निकाल काही बदलला नाही.

ही गर्दी मुळात जमवली कोणी? हॅलिफॅक्सपुरतं सांगते. सेंट मेरीजची स्थापना १८०२ ची, पण तिथे मुलींना सरसकट प्रवेश मिळाला तो १९६८ मध्ये. देशपातळीवर मुलांची विद्यापीठ बास्केटबॉल स्पर्धा १९६३ पासून सुरू झाली, मुलींची १९७२ मध्ये. सेंट मेरीजच्या मुलांनी १९७० च्या दशकात तीन राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली, तेव्हा त्याच विद्यापीठात मुलींच्या खेळाची जेमतेम सुरुवात होत होती. शहराच्या मध्यभागी १९७८ मध्ये मेट्रो सेंटर हे मोठं सभागृह उघडलं आणि १९८० च्या दशकापासून २००७ पर्यंत बहुतेक वर्षं मुलांची राष्ट्रीय स्पर्धा तिथेच झाली. एका पिढीला मार्चमध्ये तिथे जायची सवय लागली. बाप मुलाला घेऊन गेला, तो मुलगा पुढे आपल्या मुलाला घेऊन गेला. या सवयीमागे विद्यापीठांचे, नगरपालिकेचे आणि प्रायोजकांचे कितीतरी निर्णय होते. आठची वेळ हाही त्यातलाच एक निर्णय. सहा वाजता लोक ऑफिसातून घरी पोचत असतात, आठ वाजता जेवून निवांत निघतात. आधी एका खेळाला सोयीची वेळ द्यायची आणि मग प्रेक्षक मोजून दुसऱ्या खेळाच्या कोचला कमी लेखायचं, ही मोजणी मला मान्य नाही. अलीकडे प्रादेशिक साखळीची अंतिम स्पर्धा मुलं-मुली दोघांसाठी त्याच मोठ्या सभागृहात एकत्र भरते, हे बरं झालं.

कॅनडात तर या युक्तिवादाला अमेरिकेइतकाही आधार नाही. इथल्या विद्यापीठ बास्केटबॉलला टीव्हीच्या हक्कांचे कोट्यवधी डॉलर मिळत नाहीत. मुलांचा संघसुद्धा तिकिटांवर चालत नाही. तो चालतो विद्यापीठाच्या अंदाजपत्रकावर, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर. कॅनडाच्या विद्यापीठांत निम्म्याहून अधिक विद्यार्थी मुली आहेत, आणि खेळाच्या शुल्कात मुलीला सवलत नसते. म्हणजे आठच्या सामन्याच्या कोचचा पगारही मोठ्या प्रमाणात मुलींच्याच खिशातून जातो.

मग कायदा काय करतो? हॅलिफॅक्स ज्या प्रांतात आहे त्या नोव्हा स्कोशियात वेतन-समतेचा कायदा १९८८ पासून आहे. कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती या चार मापांनी काम मोजायचं, हे त्याचं तत्त्व. मला ते फार पटतं. पण असे कायदे तुलना करतात ती बायका करत असलेल्या कामाची आणि पुरुष करत असलेल्या कामाची. मुलींच्या संघाचा कोच पुरुष असेल तर? त्याला मुलांच्या कोचपेक्षा कमी पगार मिळाला तर दोघेही पुरुष, भेदभाव कुठे दिसतच नाही. इथे पगार ठरतो तो खेळणाऱ्याच्या लिंगावर, कोचच्या नव्हे, आणि कायद्याची नजर नेमकी इथेच पोचत नाही. अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने १९९७ मध्ये प्रशिक्षकांच्या वेतनाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा त्यालाही ही अडचण मान्य करावी लागली. मात्र त्याच सूचनांमध्ये एक मोलाची गोष्ट आहे. संस्थेने स्वतःच मुलींच्या संघाला जाहिरात आणि पाठबळ कमी दिलं असेल, तर त्यातून आलेल्या कमी उत्पन्नाचं कारण तिला पगार कमी ठेवण्यासाठी पुढे करता येणार नाही. हॅलिफॅक्सच्या इतिहासाला हे वाक्य चपखल लागू पडतं.

नोव्हा स्कोशियात २०१० च्या कायद्यानुसार सार्वजनिक संस्थांना, त्यात विद्यापीठंही आली, वर्षाला एक लाख डॉलर किंवा त्याहून जास्त मिळवणाऱ्यांची नावं आणि रक्कम जाहीर करावी लागते. चांगला कायदा आहे. पण त्या यादीत वरचा थर तेवढा दिसतो. एक लाखाच्या खाली दोन कोचमध्ये किती अंतर आहे, हे जनतेपुढे येत नाही. अंतराचा हिशेब मागायचा तर आधी आकडा हातात हवा.

नेमणुकीची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाला बंदी करणारा ‘टायटल नाइन’ कायदा झाला. त्या वर्षी विद्यापीठांतल्या मुलींच्या संघांच्या कोचपैकी ९० टक्क्यांहून अधिक बायका होत्या. कायद्यामुळे पैसा आला, पदं पूर्णवेळ झाली, आणि २०१४ पर्यंत हे प्रमाण ४३ टक्क्यांवर उतरलं. फुकट किंवा नाममात्र मोबदल्यात करायचं काम बायकांचं होतं, पगाराचं झालं तसे पुरुष पुढे आले. उलट दिशेची वाट मात्र जवळपास बंदच राहिली. मुलांच्या संघांवर बाई कोच क्वचितच सापडते. पॅट समिट यांनी १९७४ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी टेनेसीच्या मुलींचा संघ हाती घेतला तेव्हा महिना २५० डॉलर मिळत. संघाची गाडी त्या स्वतः चालवत, गणवेशही धूत. २००६ मध्ये दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडणाऱ्या मुलींच्या बास्केटबॉलमधल्या त्या पहिल्या कोच ठरल्या. ती ३२ वर्षं तग धरून राहणं प्रत्येकीला परवडणारं नव्हतं.

या बाबतीत हॅलिफॅक्सची एक बाजू मला अभिमानाची वाटते. डलहाउसीत कॅरोलिन सॅव्हॉय यांनी १९७७ ते २००९ अशी तीन दशकांहून अधिक वर्षं मुलींचा संघ सांभाळला. त्यांच्यानंतर आल्या अ‍ॅना स्टॅमबर्गर, ज्या कॅनडाच्या राष्ट्रीय संघातून खेळल्या होत्या. एका विद्यापीठात एवढी वर्षं लागोपाठ बाईच मुख्य प्रशिक्षक असणं ही छोटी गोष्ट नाही. मैदानावरच्या मुलीला त्यातून कळतं की खेळणं थांबल्यावरही आपल्याला या खेळात जागा आहे.

पुरुष कोच वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. सेंट मेरीजमध्ये स्कॉट मन्रो यांच्या हाताखाली ईस्ट प्रेस्टन या ऐतिहासिक कृष्णवर्णीय वस्तीतली जस्टिन कॉली देशातली सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडू ठरली. आपल्याकडे अमोल मुझुमदार यांनी भारतीय महिला क्रिकेट संघाला घडवताना जे केलं, ते २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. माझं म्हणणं दाराबद्दल आहे. मुझुमदारांना मुलींच्या संघाचं दार उघडं होतं, ते योग्यच. पण मुंबईच्या रणजी संघाचं दार एखाद्या माजी महिला कसोटीपटूसाठी कोणी उघडून बघितलं आहे का?

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत चित्र वेगळं आहे, आणि त्यातून शिकण्यासारखंही आहे. अनुदानित महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचं पद असतं, त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची वेतनश्रेणी. तो किंवा ती मुलींच्या कबड्डीमागे दिवस घालवते की मुलांच्या क्रिकेटमागे, यावरून पगार बदलत नाही. तिकीटविक्रीचा तर प्रश्नच नाही. तत्त्व म्हणून हे हॅलिफॅक्सच्या कोणत्याही चर्चेपेक्षा पुढचं आहे. दुखणं असं, की एका माणसाने सगळे खेळ सांभाळायचे आणि खरं प्रशिक्षण देणाऱ्याच्या हातावर हंगामापुरतं मानधन ठेवायचं. बरोबरी आहे, पण फार थोड्यात वाटलेली.

अमेरिकेतले मोठे आकडे वाचून हॅलिफॅक्सच्या लोकांना वाटतं, प्रश्न सुटला. साउथ कॅरोलायनाच्या डॉन स्टेली यांचा २०२५ चा करार वर्षाला सुमारे चाळीस लाख डॉलरचा आहे. २०२४ मध्ये आयोवा आणि साउथ कॅरोलायना यांच्यातला मुलींचा अंतिम सामना मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला, जवळपास एक कोटी नव्वद लाख. मला त्याचा आनंद आहे. पण स्टेलींचा पगार गर्दीने सिद्ध झाला असं म्हटलं, की आपण पुन्हा १९९४ मध्ये स्टॅनलींना दिलासा नाकारणारा तोच नियम मान्य करतो. ज्या संघाला अजून गर्दी नाही, त्याच्या मुलींना चांगला कोच लागत नाही का? उलट त्यांनाच तो आधी लागतो.

म्हणून हॅलिफॅक्सच्या विद्यापीठांकडे माझ्या मागण्या साध्या आहेत. मुख्य प्रशिक्षकाची जाहिरात निघेल तेव्हा पगाराचा पट्टा त्यातच छापावा, मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही संघांसाठी. १९८८ च्या कायद्यातली चार मापं दोन्ही पदांना लावावीत, कोच बाई असो की पुरुष. सहाची आणि आठची वेळ हंगामात अर्धी-अर्धी वाटावी. आणि सगळ्यात आधी, मुलींच्या संघाच्या साहाय्यक प्रशिक्षकाचं पद पूर्णवेळ करावं. पुढची मुख्य प्रशिक्षक तिथूनच यायची असते, आणि हंगामी मानधनावर दोन-तीन हिवाळे काढल्यावर दिवसाची नोकरी, लहान मूल आणि सिडनीचा प्रवास यांतलं एक काहीतरी तिला सोडावं लागतं. बहुतेक वेळा प्रवासच सुटतो.