मुक्या रोग्याचे निदान

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर हे उजनी जलाशयाच्या परिसरातील गाव. भीमेवरील हे धरण १९८० साली पुरे झाले आणि अवर्षणाची सवय असलेल्या या मुलखात मत्स्यव्यवसायास आधार मिळाला. अशा गावी शेततळ्यात रोहू-कटला पाळणाऱ्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. पहाटे तो काठावर येतो, तो मासे पाण्यावर तोंडे काढून धापा टाकीत आहेत, काहींच्या अंगावर तांबडे व्रण आहेत. डोक्यावर कर्ज असते. तो तडक जिवाणूनाशक औषध आणून खाद्यात मिसळतो. त्याचे वर्तन योग्य म्हणावे काय?

पहाटेच्या धापा पुष्कळदा रोगाच्या नसून प्राणवायूच्या तुटीच्या असतात. कारण रात्री शेवाळही तो वापरते व सूर्योदयापूर्वी त्याचा साठा सर्वांत कमी असतो. व्रण जिवाणूंमुळे होतात, तसेच १९८८ साली भारतात शिरलेल्या साथीतील बुरशीसदृश जीवामुळेही होतात. या दुसऱ्या कारणावर ते औषध व्यर्थ आहे. हा भेद नुसत्या डोळ्यांस कळत नाही, त्यास प्रयोगशाळा लागते. शिवाय आजारी मासा आधी खाणेच सोडतो. औषधी खाद्य खातात ते धडधाकट मासे. उरलेले पाण्यात विरघळते.

मग हे औषध कोणासाठी झाले? माझ्या मते, ते मालकाच्या चिंतेसाठी झाले. काहीतरी केल्याचे समाधान त्यास मिळाले; त्याची किंमत मात्र औषधास न जुमानणारे जंतू वाढून शेजाऱ्याने आणि मासे खाणाराने द्यावयाची.

कर्जदारास ‘थांब’ म्हणणे आपणांस सोपे आहे, हे मी जाणतो. परंतु थांबणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. खाद्य बंद करावे, पंपाने पाणी उडवून हवा खेळवावी, मेलेले मासे काढून चुन्यासह पुरावेत, गर्दी कमी करावी आणि आजारी मासा तपासणीस धाडावा. ती सोय त्यास जवळ मिळावी, ही जबाबदारी मात्र एकट्या त्याची नव्हे, आपणां सर्वांची आहे.

माणूस चुकलेल्या वैद्यास जाब विचारतो; मासा विचारीत नाही. ज्या रोग्यास तक्रार करता येत नाही, त्याच्या बाबतीत निदानापूर्वी उपचार करण्याचा मोह अधिक होतो, आणि म्हणूनच तो आवरण्याचे कर्तव्यही अधिक कठोर ठरते.