एक लायसन्स, आठ संगणक

आपण विंडोज 'विकत घेतलं' असं म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मिक्सर विकत घेतला की तो आपला. बहिणीला द्या नाहीतर भंगारात घाला, कुणी विचारत नाही. विंडोजचे पैसे मोजल्यावर मात्र वस्तू मिळत नाही, परवानगी मिळते. तीही मोजूनमापून. वेगळं विकत घेतलेलं विंडोज एका वेळी एकाच संगणकावर चालवायचं. संगणक बदलला तर जुन्यावरून काढून नव्यावर न्यायचं. संगणकासोबत आलेलं असेल तर ते त्याच मशीनशी बांधलेलं, मशीन मेलं की तेही सती जाणार. हे सगळं आपण 'आय ॲग्री'वर क्लिक करताना कबूल केलेलं असतं. वाचलेलं नसतं, हा भाग वेगळा.

माझा मावसभाऊ धायरीत कॉम्प्युटर क्लास चालवतो. २०२२ साली त्याने कंपन्यांनी मोडीत काढलेले आठ संगणक स्वस्तात उचलले, एक विंडोज १० रीतसर विकत आणलं आणि मला फोन केला. मी आयटीत असल्यामुळे असले फोन मलाच येतात. "ताई, आठही मशीनवर टाकून दे. एक घेतलंय ना? कुणाचं काय जातंय?"

हा प्रश्न मला फालतू वाटत नाही. सायकल चोरीला गेली की मालकाला पायी जावं लागतं. कॉपी केली तर मूळ प्रत जागच्या जागी राहते. म्हणून याला सरळ चोरी म्हणणं मला पटत नाही. कायदाही याकडे चोरी म्हणून नाही, तर कॉपीराइटचा भंग म्हणून बघतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त बसवला. म्हणजे कायद्याच्या लेखी विंडोज आणि कादंबरी एकाच फडताळात! बॅकअप म्हणून प्रत काढून ठेवायला हा कायदा परवानगी देतो. पण बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर कलम ६३ब प्रमाणे किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. त्यात एक बारीक सूट आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून फक्त दंडावर सोडू शकतं.

मला ही सूट शिक्षेपेक्षा महत्त्वाची वाटते. घरच्या जुन्या लॅपटॉपवर एखाद्या पोराने प्रोग्रॅमिंग शिकायला कॉपी टाकली, आणि क्लासवाल्याने आठ खुर्च्यांची फी घेऊन एकाच खुर्चीचे पैसे दिले, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. भावाला ही सूट सांगितली तर म्हणाला, "मी काय नफा कमावतोय? भाडं तरी सुटतंय का?" तेही खोटं नव्हतं.

मग मी त्याच्या नोट्सचा विषय काढला. एक्सेलच्या फॉर्म्युल्यांच्या नोट्स तो स्वतः मराठीत टाइप करतो, मुलांना फीमध्येच देतो. प्रत्येक पानावर क्लासचा शिक्का आणि खाली ठळक अक्षरांत 'झेरॉक्स काढू नये'. दुसऱ्या एका क्लासच्या मुलांकडे त्या नोट्स दिसल्या तेव्हा त्याने मला तासभर फोनवर पिडलं होतं. त्याच्याकडच्या नोट्स तरी कुठे कमी झाल्या होत्या? तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ती कंपनी अब्जाधीश आहे, मी नाही."

हा त्याचा सर्वांत दमदार मुद्दा. मला तो अर्धा मान्य आहे. कंपनीचं खरंच फार काही जात नाही. उलट मी म्हणेन, फुकटची कॉपी ही तिची सर्वांत स्वस्त जाहिरात आहे. धायरीतली मुलं विंडोजवर शिकतात, नोकरीला लागतात, आणि ऑफिसात विंडोजच लागतं म्हणून ऑफिस ते रीतसर विकत घेतं. मार बसतो तो तिसऱ्यालाच. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि पुढे परवान्याची कल्पनाच उलटी केली: हव्या तितक्या संगणकांवर टाका, वाटा, बदला; फक्त पुढे देताना हीच मुभा पुढच्यालाही द्या. लिनक्स याच परवान्यावर येतं. आपल्या पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाचं लिनक्स काढलं. पण विंडोजही फुकटच मिळत असेल तर 'हे फुकट आहे' याचं कौतुक कुणाला? श्रीमंताला अद्दल घडवायला निघालेला माणूस त्याचंच दुकान वाढवतो. (सी-डॅकचं नाव सांगितल्यावर भाऊ म्हणाला, "म्हणजे सरकारी? नको.")

शेवटी मी रविवारी गेले आणि एकेक मशीन तपासलं. इथे एक गंमत झाली. संगणकासोबत आलेल्या विंडोजची किल्ली हल्ली बहुतेक वेळा मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते. आठांपैकी पाचांमध्ये विंडोज १०ची किल्ली निघाली, म्हणजे पाच परवाने त्याच्याकडे आधीच होते आणि त्याला पत्ताच नव्हता! सहाव्यावर विकत आणलेलं टाकलं, दोनांवर लिनक्स. त्या दोन मशीनवर बसायला मुलं कुरकुर करायची. "सर, यात वर्ड नाही."

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले. भावाची सहाही मशीन इंटेलच्या सहाव्या पिढीची. विंडोज ११ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. मशीन ठणठणीत आहेत, मुलं रोज त्यावर टाइप करतात, आणि परवाने सहाही खरे आहेत.

"मी शब्द पाळला ना, ताई," भाऊ म्हणाला. "मग त्यांनी?"

मी कराराची भाषा बोलले. सपोर्टची तारीख आधीच जाहीर होती, वगैरे. बोलताना माझं मलाच पोकळ वाटत होतं. पाच मशीनमधला परवाना मशीनशी बांधायचा, आणि मशीन धडधाकट असताना सपोर्ट मात्र काढून घ्यायचा, हे कागदावर बरोबर असेलही. परवानगी देणाऱ्यावर काही बंधन असतं की नाही, याबद्दल 'आय ॲग्री'च्या वरच्या मजकुरात फारसं काही नसतं. आम्ही त्या दिवशी तो पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचला.

आता सहापैकी तीन मशीनवर लिनक्स टाकून झालंय. उरलेल्या तीनवर मुलं अजून वर्ड शिकतात, इंटरनेट बंद ठेवून.