विश्वास आणि शहानिशा

फसविणाऱ्याचा दोष किती आणि फसणाऱ्याचा किती, हा प्रश्न मी वर्गात अनेकदा चर्चेस घेतला. परंतु त्याचे उत्तर स्वतःस देण्याची पाळी मजवर गेल्या पावसाळ्यात बदनापुरी आली. एका जुन्या विद्यार्थ्याच्या नावाने व्हॉट्सॲपवर निरोप आला की, चुकून आपणाकडे सहा आकडी संकेतांक गेला आहे, तेवढा कळवावा. संकेतांकासोबत 'हा कोणास देऊ नये' अशी सूचना होती. ती न वाचताच मी तो कळविला. सायंकाळपर्यंत माझ्या नावाने अनेकांकडे उसनवारीची मागणी गेली, आणि गावातील दुसऱ्या एका विद्यार्थ्याने दहा हजार रुपये पाठविलेही. "आधी मला फोन का केला नाहीस?" असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सरांनी मागितल्यावर उलट विचारायचे कसे?"

पैसे मी भरून दिले. पण ते उत्तर मनातून जाईना. चोराने भांडवल म्हणून वापरला तो आमच्यामधील आदर. वडीलधाऱ्यांस उलट विचारू नये, ही शिकवण आम्हीच दिलेली आहे.

हा प्रकार महाराष्ट्रास अगदीच अपरिचित नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. 'धरावे' या आज्ञेतील 'ध' चा 'मा' झाल्याची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. ती इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, तिचे तात्पर्य खोटे नव्हे: नाव ओळखीचे असले म्हणून मजकूर खरा ठरत नाही.

मग सर्वांचाच संशय घ्यावा काय? मला तसे वाटत नाही. येथील कृषी संशोधन केंद्राच्या तुरीचे वाण प्रसिद्ध आहेत. शेतकरी बियाणे घेताना पिशवीवरील चिठ्ठी वाचतो, पावती जपून ठेवतो. त्यात दुकानदारास अपमान वाटत नाही. शहानिशा म्हणजे अविश्वास नव्हे. विश्वास टिकावा म्हणून घातलेले ते कुंपण होय.

परक्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 ड कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हा त्याचाच, यात शंका नाही. तथापि माझे खाते केवळ माझे नव्हते. माझ्या नावावर इतरांनी ठेवलेला भरवसा त्यात ठेवीसारखा होता. ती ठेव सांभाळण्यात मी चुकलो. संकेतांक कोणासही न सांगणे, खात्यास दुहेरी पडताळणीचे कुलूप घालणे, अनोळखी दुव्यास न शिवणे, पैशाची मागणी आल्यास आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर स्वतः फोन करणे, आणि फसगत होताच 1930 या क्रमांकावर विनाविलंब कळविणे, ही आता केवळ व्यवहारचातुर्याची गोष्ट राहिली नसून शेजारधर्माचा भाग झाली आहे.

परवा मी त्याच विद्यार्थ्यास एक पुस्तक आणण्याविषयी निरोप धाडला. त्याने लगेच फोन करून, निरोप माझाच ना, अशी खात्री करून घेतली. पूर्वी मला ते उद्धटपणाचे वाटले असते. या वेळी बरे वाटले.